ऑफिसमध्ये स्कार्फ दिवसभर जागेवर राहण्यासाठी

रेशमी स्कार्फ सकाळी नीट बांधला तरी मीटिंगपर्यंत गाठ सैल होते किंवा फिरून मानेमागे जाते. दोष बहुतेक वेळा घडीचा आणि गाठीचा असतो.

१. ९० सेंमीचा चौकोनी स्कार्फ सपाट पसरा. समोरासमोरची दोन टोकं मध्यावर आणा आणि दोन्ही बाजूंनी घडी घालत साधारण ५ सेंमी रुंद पट्टी करा. अशी तिरकी पट्टी सुमारे १२७ सेंमी लांब होते आणि कापड किंचित ताणलं जात असल्याने मानेला छान बसते.

२. पट्टी मानेभोवती घ्या. उजवं टोक डाव्यावरून नेऊन खालून वर काढा.

३. आता उलट करा: जे टोक डावीकडे गेलं तेच पुन्हा वर ठेवून गाठ मारा. गाठ आडवी, सपाट बसली पाहिजे. टोकं वर-खाली उभी राहिली तर दुसरा फेरा चुकला. सोडून परत बांधा.

४. गाठ जरा बाजूला सरकवा, टोकं कॉलरखाली खोचा.

सुती स्कार्फला एवढा खटाटोप लागत नाही, तो आपणच धरून राहतो. शर्ट नक्षीचा असेल तर स्कार्फ एकरंगी बरा. दोन्हीकडे नक्षी म्हणजे समोरच्याचं लक्ष बोलण्यावर राहत नाही.

आणि हो, लोंबती टोकं कागद फाडायच्या मशीनजवळ नेऊ नका. तिथे वाकण्याआधी स्कार्फ काढूनच ठेवा.