मालक घर विकतोय आणि कौलं गळतायत: पावसाआधी भाडेकरूने काय काय तयार ठेवायचं

आमच्या कोकणात घर विकायचं ठरतं ते बहुतेक गणपतीत नाहीतर मे महिन्यात. मुंबईचे भाऊ-पुतणे जमतात, ओटीवर बसून बोलणं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्याला सांगितलं जातं, "आम्ही विकायचं बघतोय, तुम्ही पण कुठे मिळतंय का बघून ठेवा." रत्नागिरीत मला हे वाक्य ऐकायला मिळालं तेव्हा माजघरात कोन्याखालून (छपराच्या माथ्यावरच्या कौलाखालून) पाणी यायला लागून एक अख्खा पावसाळा झाला होता आणि शाकारणी, म्हणजे कौलं परतणं, "यंदा नक्की करू" वर अडकली होती. आता विकायचंच म्हटल्यावर कौलं कोण परतणार? म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आलीय किंवा येणार असं दिसतंय त्यांच्यासाठी लिहितेय, मी जे वेळेत केलं ते पण आणि जे उशिरा सुचलं ते पण.

सगळ्यात आधी करार बाहेर काढा आणि वर काय लिहिलंय ते वाचा, भाडेकरार की लिव्ह अँड लायसन्स. पुढचं सगळं यावर ठरतं आणि बहुतेकांनी तो कागद सही केल्यानंतर परत उघडलेलाच नसतो. तुम्ही खरे भाडेकरू असाल तर घर विकल्याने भाडेकरूपण संपत नाही, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येतो, एवढंच. पण लिव्ह अँड लायसन्स असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे, कारण तो भाडेपट्टा नाहीच, ती राहायची परवानगी आहे, आणि १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यात कलम ५९ ला स्पष्ट लिहिलंय की जागा विकली गेली तर घेणारा त्या परवानगीला बांधील नाही. म्हणजे अकरा महिन्यांपैकी सहा बाकी असले तरी नवा मालक "मला जागा मोकळी हवी" म्हणू शकतो. तरी त्याच कायद्यात सामान हलवायला वाजवी वेळ मिळायचा हक्क आहे, आणि पैसे देऊन घेतलेली परवानगी तुमची काही चूक नसताना मध्येच मोडली तर ज्याने दिली त्या जुन्या मालकाकडून भरपाई मागता येते. त्यामुळे लायसन्सवाल्यांनी नोटीस पिरियड आणि दुरुस्ती कोणी करायची ही दोन कलमं आजच अधोरेखित करून ठेवा. आणि मुदत संपल्यावर "बघू, कोर्टात जाऊ दे" म्हणून बसून राहू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिलं तर दुप्पट दराने पैसे लागू शकतात.

करारच नाही, सगळं तोंडी आहे, असं आपल्याकडे भरपूर ठिकाणी असतं. घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ म्हणतं की करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते उलट सिद्ध होईपर्यंत धरलं जातं. फक्त हा कायदा सगळ्या गावांना लागू नाही, त्याच्या परिशिष्टात शहरं-गावं दिलेली आहेत, आपलं गाव त्यात आहे का ते वकिलाकडून बघून घ्या, नसेल तर १८८२ चा कायदा आहेच. आणखी एक, "भाडेकरूचा विकत घ्यायचा पहिला हक्क असतो" असं लोक ठासून सांगतात, या भाडे कायद्यात तसं काही नाही. तो गोंधळ कुळकायद्यामुळे होतो, पण १९४८ चा तो कायदा शेतजमिनीच्या कुळांचा, खोल्यांच्या भाडेकरूचा नाही.

आता दुरुस्ती. इथे मी सगळ्यात जास्त चुकले म्हणून सविस्तर सांगते. वर्षभर मी मालकांना फक्त तोंडी सांगत राहिले, काका कौल सरकलंय, काका वासा कुजलाय, आणि काका पण हो हो म्हणत राहिले, भांडण कधीच नव्हतं, आणि विकायचं ठरल्यावर त्यांच्या पुतण्याने सरळ विचारलं, "गळत होतं तर कधी कळवलंत?" माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. म्हणून सौदा व्हायच्या आधी, म्हणजे अजून जुनाच मालक मालक आहे तोवर, दुरुस्तीची मागणी लेखी पोचलीच पाहिजे, नंतर जुना म्हणतो आता घर माझं नाही आणि नवा म्हणतो मी घेतलं तेव्हा असंच होतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे (पुढची कलम १५, २८, २९ पण त्याच कायद्याची) करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्यासारखं ठेवणं मालकाचं काम. त्याने केलं नाही तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती आपण करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं सहा हजार असेल तर वर्षाचे बहात्तर हजार, त्याचे अठरा हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. आणि खर्चाचा हिशोब पावत्यांसकट ठेवला असेल तर तोच पुरावा मालकावर बंधनकारक धरला जातो, म्हणून कौलांची पावती, रीपांची पावती, सुताराची मजुरी त्याच्या सहीने, टेंपोचं भाडं सुद्धा, सगळं एका वहीत तारखेने लिहा. पंधरा दिवसांचं गणित कोकणात फार महत्त्वाचं आहे, पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि मे संपत आला की शाकारणीला माणूस मिळत नाही, सगळ्या गावाची कौलं एकदमच परतायची असतात, त्यामुळे नोटीस एप्रिलमध्ये गेली तरच उपयोग. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, शिवाय तेच पत्र व्हॉट्सॲपवर फोटो काढून टाका.

फोटो काढताना नुसता ओल्या भिंतीचा फोटो काही सांगत नाही. मी नंतर असं केलं, आधी खोलीच्या दारातून पूर्ण खोली, मग गळतं तो कोपरा, मग जवळून, आणि एक मिनिटाचा व्हिडिओ ज्यात पातेल्यात थेंब पडताना दिसतायत आणि बाजूला भिंतीवरचं कॅलेंडर. चिऱ्याच्या भिंतीला गिलावा नसेल तर ओल खालून चढतेय की वरून उतरतेय ते पण टिपा, कारण वरून असेल तर कौलं नाहीतर पन्हळ, खालून असेल तर जोत्याचा प्रश्न, आणि मालक नेहमी म्हणतो तुम्ही धुणं-भांडी करता म्हणून ओल येते. वाळवीने पोखरलेला वासा असेल तर सुताराकडून चार ओळी लिहून घ्या. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला आणि पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्तेत किती घरांची कौलं उडाली आपण बघितलंय, तसं नुकसान झालं तर तलाठ्याचा पंचनामा होतो, त्याची नक्कल मागून ठेवा म्हणजे कुठलं नुकसान वादळाचं आणि कुठलं आधीपासूनचं यावर वाद राहत नाही. स्वतः मात्र पक्कं बांधकाम काही करू नका, पडवीला भिंत घालणं वगैरे, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय ते केलं तर घर खाली करायला त्याला कारण मिळतं.

भाडं थांबवू नका. हे मी कळकळीने सांगतेय, राग येतो, पाणी गळतंय आणि वर भाडं कशाला द्यायचं असं वाटतंच, पण कलम १५ चं संरक्षण भाडं देणाऱ्याला आणि द्यायला तयार असणाऱ्याला आहे. वळतं करायचं ते नोटीस देऊन, हिशोब दाखवून, बाकीचं दर महिन्याला बँकेतूनच द्या. रोख देत असाल तर पावती मागा, पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

घर बघायला लोक यायला लागले की तुमची पंचाईत सुरू होते. मालकाला जागा बघायचा हक्क आहे पण आधी कळवून आणि वाजवी वेळेला, कलम २८. एजंट सकाळी सात वाजता पुण्याची पार्टी घेऊन दारात उभा, आई आतल्या खोलीत झोपलेली, असं आमच्याकडे दोनदा झालं. मग मी मालकांना मेसेज टाकला, "काका, रविवारी अकरा ते एक कधीही आणा, आदल्या दिवशी फोन करा," आणि त्यानंतर त्रास थांबला. बघायला येणाऱ्यांना गळती लपवू नका आणि वाढवून पण सांगू नका, विचारलं तर पत्राची प्रत दाखवा.

विकतंय कोण ते पण तपासा. कोकणात एका घराला सहा-सात हिस्सेदार सहज असतात, एक भाऊ सांगतो विकलं, दुसऱ्याला पत्ताच नसतो. सातबारा ऑनलाइन दिसतो, ग्रामपंचायतीत घरपट्टीचा आठ नंबरचा उतारा मिळतो, आणि खरेदीखत खरंच नोंदलं गेलं का ते दुय्यम निबंधकाच्या इंडेक्स टू वरून कळतं. कोणीतरी नवीन माणूस येऊन "आता भाडं मला द्या" म्हणाला तर आधी जुन्या मालकाचं पत्र किंवा इंडेक्स टू मागा. विक्री झाल्याचं कळायचं काहीच कारण नसताना तुम्ही जुन्यालाच भाडं दिलं असेल तर ते नव्याला पुन्हा द्यावं लागत नाही, हे पण कलम १०९ मध्येच आहे. डिपॉझिटचं मात्र खरेदीच्या आधी मिटवा, एकतर परत घ्या नाहीतर जुना, नवा आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्यांचं पत्र करा की अमुक रक्कम नव्याकडे गेली आणि जागा सोडताना तो देईल, त्याच पत्रात राहिलेल्या दुरुस्त्या पण लिहून टाका.

नवा मालक स्वतःला राहायला हवं म्हणून दावा लावू शकतो, पण तो कोर्टात, आणि कोर्ट दोघांपैकी जास्त अडचण कोणाची होईल ते बघतं. लाइट तोडणं, विहिरीच्या पंपाला कुलूप घालणं असं कोणी केलं तर कलम २९ आहे, कोर्ट पुरवठा परत चालू करायला सांगतं. मीटर मालकाच्या नावावर असेल तर महावितरणच्या बिलांच्या पावत्या आपल्याकडे ठेवा. घर धोकादायक असल्याची नगरपरिषदेची नोटीस आली तर तिची नक्कल घ्या आणि त्याच दिवशी वकील गाठा, इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलंय, पण तेव्हा भाडेकरू होतो हे दाखवायला कागद लागतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि हे सगळे कागद गळणाऱ्या घरात ठेवू नका. माझ्या दोन पावत्या कपाटात ओल लागून एकमेकींना चिकटल्या, आकडे गेले. आता मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात बहिणीकडे शिरगावला आहेत आणि माझ्याकडे झेरॉक्स.