पाटाच्या कडेने: खान्देशात ग्रॅव्हल सायकलफेरी कशी आखावी

सायकल कोणती घ्यावी हा प्रश्न नंतरचा. खान्देशात कालव्याकाठी आणि नदीकाठी ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या वाटांवर, सायकल चालवायची असेल तर आधी विचारायचं ते हे, की पाटाला पाणी कधी सुटणार? रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकासाठी पाणी सोडण्याची पाळी, चालू असलं की कालवा काठोकाठ वाहतो, गळतीच्या जागी कडेची वाट चिखलाची होते आणि मोटारींचे पाइप वाटेत आडवे पडलेले असतात. पाणी बंद झालं की चार-पाच दिवसांत तीच वाट कडक मुरमाची होते. आवर्तनाच्या तारखा स्थानिक वर्तमानपत्रात येतात. त्याहून खात्रीचं म्हणजे त्या भागातल्या कुणाही शेतकऱ्याला फोन करून विचारावं. नकाशा घरबसल्या दिसतो, पाणी दिसत नाही.

मोसम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्येही जमतं, पण सकाळी दहाच्या आत घरी यायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा हा उद्योग करूच नये. पावसाळ्याचं कारण वेगळं: इथली काळी माती. ती ओली झाली की टायरला थरावर थर चढतो, चाक धरणारा फोर्क आणि चाक यांच्यातली फट भरते आणि सायकल ढकलतासुद्धा येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. मोठा पाऊस झाल्यावर तीन कोरडे दिवस जाऊ द्यावेत. मुरमाचा भराव लवकर सुकतो, पण दोन भरावांना जोडणारी गाडवाट काळ्या रानातूनच जाते आणि अडकायला होतं ते तिथेच.

वाट कशी निवडावी

नवख्याने गिरणा नदीच्या पट्ट्यापासून सुरुवात करावी. गिरणा धरणाचं पाणी चाळीसगाव तालुक्यातल्या जामदा बंधाऱ्यावर अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत सोडलं जातं. उजव्या बाजूची सोय अशी की भुसावळ-मनमाड रेल्वेमार्ग नदीच्या याच अंगाला आहे. दमलात किंवा सायकल बिघडली तर चाळीसगाव, कजगाव, पाचोरा यांपैकी एखादं स्थानक फार लांब नसतं.

दुसरी वाट हतनूर धरणाच्या उजव्या कालव्याची. हा तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या अलीकडून रावेर, यावल, चोपडा तालुक्यांच्या रानात पाणी नेतो. दोन्ही बाजूंना केळी, त्यामुळे सावली आणि गारवा. मात्र सातपुड्यातून उतरणारा प्रत्येक नाला कालव्याला आडवा येतो. कालवा पुलासारखा वरून निघून जातो आणि कडेची वाट तिथेच संपते. खाली नाल्यात उतरून पलीकडे चढायचं. हिवाळ्यात बहुतेक नाले कोरडे असतात, पण हा चढ-उतार वेळेच्या हिशेबात धरावा. कालव्याच्या कट्ट्यावरून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाण्याचं धाडस करू नये.

तिसरी वाट माझ्या मते सगळ्यांत देखणी: पांझरेच्या काठाने पिंपळनेरकडून कासारे, नेर करत धुळ्याकडे. इथे मोठ्या कालव्याचा सरळसोटपणा नाही. जुने बंधारे, त्यांतून निघालेले अरुंद पाट आणि फड. फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी शेतकऱ्यांनी नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायचं. ही व्यवस्था काही शतकं जुनी आहे, आता बरीच मोडकळीला आली आहे. सायकलवाल्याला याचा अर्थ एवढाच की पाटाची कड म्हणजे रस्ता नव्हे. ती हातभर रुंद मातीची पाळ असते आणि चाकाने ती फुटली तर पाणी भलत्याच्या रानात जातं. तिथे उतरून चालावं. सायकल चालवायची ती शिवरस्त्याने.

उपग्रहाच्या चित्रात कालव्याची कड पांढरी रेघ दिसते. प्रत्यक्षात तिथे वेडी बाभूळ माजलेली असू शकते. म्हणून दर पाच-सात किलोमीटरवर डांबरी रस्त्याला निघता येईल असे फाटे आधीच खुणा करून ठेवावेत. दिशाही पाहावी. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम आहे, म्हणून सकाळी पश्चिमेकडे निघालात तर ऊन पाठीवर राहतं.

सायकल आणि टायर

ग्रॅव्हल बाइक असेल तर उत्तम. नसेल तर हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) चालते. चौकट काहीही असो, टायर 40 मिमीच्या आत नको. सत्तर किलोच्या माणसाने 42 मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये 35 पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी, ट्यूब असेल तर चार-पाच जास्त.

खरा शत्रू काटा. बाभळीचा काटा दिसतो तरी, सराटा दिसत नाही. पावसाळ्यानंतर मोकळ्या रानात जमिनीला चिकटून त्याचा वेल पसरतो, वाळतो आणि काटेरी गोखरू वाटेवर सोडून जातो. एका ठिकाणी थांबून सायकल कडेला लावली की पुढच्या टायरला पाच आणि मागच्या टायरला सात, असे चिकटून येतात. ट्यूबलेसमध्ये ते उपटून भोक खाली येईल असं चाक फिरवून धरायचं. टायरमध्ये ओतलेलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, बुडबुडे काढत भोक बंद करतं. ट्यूब असेल तर उपटण्याआधी काट्याच्या जागी खूण करा, नाहीतर पंक्चर शोधत बसाल. इथल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, महिना-दीड महिन्याने व्हॉल्व्हचा गाभा काढून बघावं. सोबत दोन ट्यूब, पॅच, पंप, साखळीची कडी आणि एक बारीक चिमटा. चिमटा लोक विसरतात आणि मग दातांनी काटा ओढतात.

वाटेवर

कालव्यावर चढ नसतो हे खरं, पण उतारही नसतो. पाणी वाहील इतकाच तो कललेला असतो. म्हणजे पायाला विसावा नाही, पायडल सतत मारावं लागतं आणि बूड एकाच जागी राहतं. दर वीस मिनिटांनी उभं राहून चालवा. डांबरीवर 80 किलोमीटर सहज करणाऱ्याने इथे पहिल्यांदा 50 धरावेत.

नदीपात्रात उतरलात तर कोरड्या वाळूत सायकल रुतते, ओलसर वाळू कडक लागते. म्हणून पाण्याच्या जवळून, हलका गियर टाकून, हँडल सैल धरून जावं. पण वाळूउपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पाय टाकून खोली पाहिल्याशिवाय पाण्यात सायकल घालू नये. उपसा चालू दिसला तर मोबाइल खिशात ठेवून गुपचूप वळावं, फोटो काढायची ती जागा नाही.

भरलेल्या कालव्यात बाटली बुडवायला वाकू नका. सिमेंटचं अस्तर शेवाळाने गुळगुळीत असतं. पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. तीन लिटर पाणी घरूनच न्या. संपलं तर शेतातल्या विहिरीवर मागा, कुणी नाही म्हणत नाही.

कालव्याची कड ही पाटबंधारे खात्याची देखरेखीची वाट आहे. चौकीदाराने थांबवलं तर वाद न घालता फिरावं. धरणाच्या भिंतीवर जायचंच नाही. वाटेवर काट्या टाकलेल्या असतील तर त्या कुणीतरी जनावरं येऊ नयेत म्हणून टाकल्या आहेत. ओलांडल्यावर जशा होत्या तशा ठेवा. मळ्यातलं कुत्रं अंगावर आलं तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, मालकाला हाक मारा. गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे पुरतं उजाडल्याशिवाय निघू नये आणि अंधार पडायच्या आत डांबरीला लागावं.

माणसं अहिराणीत विचारतातच, "कथा जाई राह्यना भाऊ?" (कुठे चाललास भाऊ?) थांबून उत्तर द्या. पुढे वाट फुटली आहे का, पाणी कुठवर आलंय, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

खाणं आणि परत येणं

हिवाळ्यात फाट्यावरच्या हॉटेलात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नये. शेवभाजी मात्र फेरी संपल्यावरच. त्या रश्शाची तर्री पोटात घेऊन पुढचे वीस किलोमीटर नको वाटतात. केळीच्या पट्ट्यात बरोबर बिस्किटं बाळगण्याची गरज नाही.

परतीला रेल्वे धरायची तर दोन्ही चाकं काढून सायकल पिशवीत बांधावी आणि आधी तिकीट खिडकीवर विचारावं, कारण लहान स्थानकांवर सामान नोंदवण्याची सोय असेलच असं नाही. घरी पोचल्यावर साखळीवर लगेच पाण्याचा फवारा मारू नका. आधी माती वाळू द्या, ब्रशने झाडा, मग पुसून तेल घाला.