जुनी कोरियन बरणी धुताना
लातूरला आमच्या घरी जोसन राजवटीच्या काळातली (१३९२–१९१०) कोरियन बरणी आहे. पांढरी, वर निळी फुलं. तिला बोअरचं पाणी लावू नका, क्षारांचे डाग बसतात. मी जारचं पाणी घेते, परातीत जुन्या लुगड्याची घडी अंथरते आणि बरणी पोटाखाली दोन्ही हातांनी धरते. काठाला धरून कधीच उचलायची नाही. राख, चिंच, घासणी नको. निळाई जाईल ही भीती सोडा, कोबाल्ट या निळ्या रंगद्रव्याची नक्षी वरच्या काचेसारख्या झिलईखाली असते. तडा असेल तर मात्र बुडवू नका, ओल्या मऊ फडक्यानं पुसा. बुडाला चिकटलेली वाळू खरवडू नका. ती मळ नाही, भट्टीतली आहे. मोठ्या बरण्या दोन अर्धे भाग जोडून घडवत. आमच्या बरणीच्या पोटावर तो आडवा जोड बोटाला लागतो, तिथं माझा हात रेंगाळतोच.