शेततळ्यात बारकी चिलापी माजलीये? खाद्य वाढवू नका, मासे काढा

दिंडोरी साइडला आमचं १० गुंठ्यांचं शेततळं आहे, द्राक्षाच्या पाण्यासाठी केलेलं. त्यात कटला-रोहू सोडले ते रविवारी नाशिकहून दोस्तमंडळी आली की निवांत गळ टाकून बसता यावं म्हणून. दोन वर्षं छान गेली, तिसऱ्या वर्षी गळ पाण्यात पडायचा अवकाश की बोया नाचायला लागायचा आणि वर काय तर चार बोटांची चिलापी (तिलापिया), परत टाका परत तेच, दिवसभरात पन्नास-साठ मासे आणि किलोचा एकही नाही. मला वाटलं मासे उपाशी आहेत म्हणून मी खाद्य वाढवलं आणि तिथेच चुकलं, कारण वाढवलेलं खाद्य त्या बारक्यांनीच खाल्लं आणि अजून पिल्लं झाली.

हे का होतं ते आधी समजून घ्या. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे तळ्यात तुम्ही न सोडलेली बारकी गर्दी दिसली तर ती बहुतेक चिलापीची (सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प पण तळ्यात वितो, पण त्याची अंडी-पिल्लं बरीच खाल्ली जातात). चिलापीची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लं बाहेर आली तरी धोका दिसला की परत तोंडात घेते, त्यामुळे पिल्लं जगतात खूप. २-३ महिन्यांत मासा वयात येतो आणि पाणी गरम असेल तर महिना-दीड महिन्याने परत वीण. गर्दी झाली की वाढ थांबते पण वीण थांबत नाही, हीच खरी अडचण आहे.

खात्री कशी करायची? फेकजाळं घ्या, तळ्याच्या तीन-चार कोपऱ्यांत टाका, साधारण ५० मासे बाजूला काढा. डोकं मोठं, अंग बारीक, पाठ चाकूसारखी, असे जास्त असतील तर गर्दी झालीये. चार बोटांच्या मादीच्या तोंडात अंडी सापडली तर मग शंकाच नको. मी अजून एक करतो, पट्टीवर १५ सेंटीमीटर भरणारी चिलापी वजनकाट्यावर ठेवतो, तब्येत चांगली असेल तर ६० ग्रॅमच्या आसपास भरते, ४०-४५ आली तर तिला खायला मिळत नाहीये. आणि जाळ्यात बारके रोहूच निघाले तर दोष चिलापीचा नाही, बीज (सोडायची पिल्लं) जास्त सोडलंय. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) म्हणतात, म्हणजे गुंठ्याला ५० ते १००, पण गळाला मोठा मासा हवा असेल तर मी गुंठ्याला ३० च्या वर जात नाही.

आता काढायचं कसं. गळाने कमी होईल असं समजू नका, गळाने फक्त मदत होते. ओढजाळं लागतं, बारीक आसाचं (छोट्या भोकांचं), आणि ते एकदा नाही तर आठ-पंधरा दिवसांनी तीन-चार वेळा ओढायचं. आदल्या दिवशी खाद्य बंद. आपल्याकडे यासाठी जानेवारी सगळ्यात बरा, निफाड-दिंडोरीची थंडी तुम्हाला माहितीच आहे, पाणी गार असलं की चिलापीची वीण थांबलेली असते म्हणून काढलेला मासा लगेच भरून निघत नाही. मोठे कटला-रोहू हळूच परत सोडा, चिलापी एकही परत नाही. पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवा, बरेच जण बारका मासा दया येऊन सोडून देतात, इथे ती दया बाकीच्या माशांना उपाशी मारते.

प्लॅस्टिकचा कागद असलेल्या तळ्यात एकट्याने अजिबात उतरू नका, कागद निसरडा असतो, पोहणारा माणूस पण वर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि एक हवा भरलेली ट्यूब पाहिजेच.

गर्दी हाताबाहेर गेली असेल तर एप्रिल-मेची वाट बघा. द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर (एप्रिलची छाटणी) पाणी तसंही उतरतं, मोठे मासे विकून टाका, तळं कोरडं करा, गाळ काढा, आठवडाभर ऊन खाऊ द्या. तळाला पाणी राहिलंच तर उरलेले मासे मारायला मोहाची पेंड वापरतात, एक मीटर खोल पाण्याला गुंठ्याला २५ किलो, म्हणजे १० गुंठ्यांत फूटभर पाणी उरलं असेल तर साधारण ७५ किलो. नंतर नवीन बीज सोडायला तीन आठवडे तरी थांबा.

काढलेली चिलापी खा, विका, कोंबड्यांना घाला, खड्ड्यात पुरून खत करा, पण गोदावरीत, कादवेत किंवा धरणात सोडू नका. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ ला भारतात आणला आणि तेव्हापासून आपल्या माशांची जागा खात आलाय.

परत येऊ नये म्हणून दोन गोष्टी. कालव्यातून किंवा नदीवरून पाणी घेता ना, पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीसारखी बारीक जाळी दुहेरी बांधा, आमच्याकडे चिलापी तिथूनच आली असं माझं मत आहे. आणि मरळ सोडा, हा शिकारी मासा चिलापीची पिल्लं खातो. मी १० गुंठ्यांना २५ सोडले, पण कटला-रोहू वीतभर झाल्यावरच, नाहीतर मरळ आधी तुमचं बीज खाईल. मरळ पावसात उडी मारून बाहेर पडतो, काठाला दोन फूट जाळी लावा. थाई मांगूर कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे आणि तो सगळंच संपवतो.

द्राक्षवाल्यांनी अजून एक बघा, बोर्डो किंवा मोरचुदाचा (दोन्ही तांब्याची औषधं) फवारणीचा ब्लोअर तळ्याच्या काठावर धुवू नका, तांबं माशांना फार वाईट.

मी आता दर दोन महिन्यांनी फेकजाळं टाकतो आणि १५ सेंटीमीटरच्या चिलापीचं वजन वहीत लिहून ठेवतो, ५० ग्रॅमच्या खाली आलं की त्याच आठवड्यात ओढजाळं लावतो.