वरातीमागून पोटॅश नको

पाऊस उघडला, फळं सुपारीएवढी झाली की एकच प्रश्न सुरू होतो: फुगवणीला आणि रंगाला काय सोडू? उत्तरही ठरलेलं, ०:०:५० मारा, म्हणजे नत्र आणि स्फुरद नसलेलं, ५० टक्के पोटॅशचं पाण्यात विरघळणारं खत. फवारणीत चूक काही नाही, पण एकदा आकडेमोड करून बघा. हेक्टरी ५०० लिटर पाणी आणि लिटरला ५ ग्रॅम धरलं तर खत जातं अडीच किलो. त्यात पोटॅश सव्वा किलो. टोमॅटोचं चांगलं पीक हेक्टरी १०० किलोच्या पुढे पोटॅश उचलतं आणि केळी त्याहून कितीतरी जास्त. ही भूक पानावरून भागत नाही. मुळी थंडीनं किंवा ओलीनं मंदावली असेल, फळांचा भार अचानक वाढला असेल, तेव्हा फवारणी हात देते. तिचं काम तेवढंच. खरा पोटॅश मुळाशीच जायला हवा, आणि तोही वेळेत.

वेळेत म्हणजे फळधारणा झाल्यापासून फळ भरेपर्यंत. पानात तयार झालेली साखर फळापर्यंत वाहून नेण्याच्या कामात पोटॅश लागतो. पानावरची छिद्रं उघडणं-मिटणंही त्याच्याच जोरावर चालतं, म्हणून पोटॅश कमी पडलेलं झाड दुपारी लवकर मान टाकतं. तोडणीला दहा दिवस उरल्यावर टाकलेल्या खताला हे सगळं करायला सवडच मिळत नाही. भारी जमिनीत बराचसा हप्ता लागवडीच्या वेळी देऊन उरलेला फळधारणेला दिला तरी चालतं. हलक्या, वाळूसरीच्या जमिनीत मात्र तो पावसाबरोबर खाली निघून जातो. तिथे पाऊस उघडल्यावर लहान लहान हप्ते करून, ठिबक असेल तर त्यातूनच सोडा.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते: ओल. पोटॅश मुळापर्यंत पोचतो तो मातीतल्या पाण्यातून. वरचा थर कोरडा पडला तर माती परीक्षणात पोटॅश भरपूर दिसत असूनही पीक उपाशी राहतं. अशा वेळी आणखी खत टाकण्याआधी पाण्याची पाळी सुधारा, आच्छादन घाला. वाफसा, म्हणजे मुळाशी बेताची ओल आणि हवा, टिकला तर निम्मं काम तिथेच होतं.

कमतरता ओळखायची तर खालची पानं बघा. पोटॅश झाडात फिरता असल्यानं झाड तो जुन्या पानांतून काढून कोवळ्या भागाला देतं. त्यामुळे जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग करपतात. केळीची खालची पानं नारिंगी-पिवळी होऊन टोकाकडून वाळतात. टोमॅटोत फळ एकसारखं पिकत नाही, देठाजवळचे खांदे पिवळे आणि टणक राहतात. कडक उन्हानंही खांदे असेच दिसतात, तेव्हा फळावरून निदान करू नका, पानंही बघा. कडा करपणं क्षारांमुळेही होतं. शंका असेल तर पानदेठ परीक्षण करा, म्हणजे पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून घ्या.

आता कोणतं खत? म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एमओपी, त्यात ६० टक्के पोटॅश, पण सोबत क्लोराईड जवळजवळ निम्मं. सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे एसओपी (वरचं ०:०:५० ते हेच), ५० टक्के, आणि वर १७-१८ टक्के गंधक. शिफारस ६० किलो पोटॅशची असेल तर एमओपी १०० किलो लागेल, एसओपी १२० किलो. पोटॅश आणि खताचं पोतं एकच समजून गल्लत करणारे पुष्कळ. स्ट्रॉबेरी, द्राक्ष, घेवडा या पिकांना क्लोराईड सोसत नाही. बटाटा एमओपीवर वाढतो, पण कंदात पाण्याचा अंश वाढतो. पाणी किंवा जमीन खारी असेल तर एसओपीच घ्या. तसं काही नसेल आणि जमिनीचा निचरा चांगला असेल, तर बहुतेक पिकांना एमओपी चालतं, महागाचा हट्ट नको. १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, यात पोटॅशसोबत नत्रही आहे. फळ पक्वतेकडे झुकलेलं असताना ते सोडलं तर पालवी फुटते आणि रंग लांबतो, हे अनेकांना बाग हिरवीगार झाल्यावरच कळतं.

जास्तीचं काय? इथे मी जरा हट्टी आहे. पोटॅश वाढला की झाड कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी उचलतं. कॅल्शियम कमी पडून टोमॅटो-ढोबळीच्या फळाचं बूड काळं पडतं आणि तो रोग समजून गडी बुरशीनाशक आणायला धावतो. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर तो मॅग्नेशियमचा तुटवडा समजा. अशा बागेत पोटॅशचा हप्ता आधी थांबवा. म्हणून माती परीक्षण खत आणण्याआधी हवं, पीक बिघडल्यावर नव्हे.

ठिबकच्या टाकीत एसओपी आणि कॅल्शियम नायट्रेट एकत्र करू नका. दोघांचं मिळून जिप्सम होतं, ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि ड्रिपर बुजवतं. मी हे एकदा घाईत केलं आणि पुढचा आठवडा ड्रिपर मोकळे करण्यात गेला. ०:५२:३४ या स्फुरद-पोटॅशच्या खताचंही कॅल्शियमशी तसंच वाकडं. दोन वेगळे दिवस ठेवा. एसओपी सावकाश विरघळतं, १०० लिटरला १० किलोच्या वर घालू नका. १३:०:४५ विरघळताना पाणी गार पडतं, त्यामुळे थंडीत सकाळी ते तळाशी बसून राहतं, दुपारी कालवलेलं बरं. दाणेदार पोटॅश बुंध्याला किंवा रोपाला चिकटू देऊ नका, क्षारानं मुळी जळते. फवारणी संध्याकाळी, आधी चार झाडांवर करून बघा.

राखेतही पोटॅश असतो, पण ती अल्कधर्मी असते. चुनखडीच्या जमिनीत ती टाकू नका आणि युरियात तर मिसळूच नका, नत्र उडून जातं. पिकाच्या काडीकचऱ्यातला पोटॅश पाण्यात सहज सुटतो. शेणखताचा ढीग पावसात उघडा राहिला तर ढिगाखालून वाहणाऱ्या तपकिरी पाण्यातून पोटॅशच जात असतो. ढीग झाका, आणि टोमॅटो-केळीचे अवशेष रोगट नसतील तर त्याच रानात गाडा.