गावच्या जंगलातली झाडं कशी मोजायची

आपल्या जंगलात मोह किती, असं विचारलं की कुणीही सांगतं, ‘लय आहेत.’ पण त्या मोठ्या मोहांखाली नवी रोपं किती, याला उत्तर नसतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामसभेसाठी मी झाडांची मोजणी करते, ती मुख्यतः या रोपांसाठी. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगल राखायचा हक्क ग्रामसभेला दिलाय, मग आपल्याकडे काय आहे आणि काय संपत चाललंय ते आपल्याच वहीत हवं.

चांगली दाट जागा बघून मोजायला बसू नका. सरळ चालत जायचं, दर दोनशे पावलांवर थांबायचं आणि तिथेच दोरी लावून 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन आखायचा. छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.37 मीटरवर, ज्या झाडाचा घेर 30 सेंटिमीटरच्या वर आहे ते प्रत्येक झाड टेपने मोजून लिहा. मग एका कोपऱ्यात 5 बाय 5 चा चौकोन, झुडपांसाठी आणि रोपांसाठी. इथे घाई होते. धायटी, मुरूडशेंग, करवंद सगळ्यांपुढे नुसतं ‘झुडूप’ लिहितात. तसं करू नका. नाव लिहा, गोंडी नावही लिहा. म्हाताऱ्या बायांना सोबत न्या, त्यांच्याइतकी झुडपं कुणाला ओळखू येत नाहीत.

मोजणी दिवाळीनंतर करा, तेव्हा पानं असतात, रोपं दिसतात. होळीनंतर पुन्हा एक फेरी मारा. तेव्हा झाडं उघडी असतात, सालीवरून ओळखायची. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, खोल भेगांची. धावडा गुळगुळीत, पांढरट. सालईचे पातळ पापुद्रे सुटतात. बिज्याच्या जुन्या जखमेवर लाल डिंक सुकलेला असतो; ओळखण्यासाठी नवा घाव घालू नका.

तेंदूची रोपं ढीगभर दिसतील. बोटाने माती उकरून बघा. आडव्या मुळातून फुटलेलं असेल तर वेगळ्या रकान्यात टाका, कारण ते जुन्याच झाडाचं आहे. बियांपासून आलेलं रोप म्हणजे खरी नवी पिढी.

मोहाखाली रोपं सापडली नाहीत, तर आधी आगीकडे बघा. फुलं वेचायला पाचोळा जाळतात, त्यात रोपं जातात. पाचोळा झाडून बाजूला ओढा, नाहीतर खाली जाळी अंथरा. बीसुद्धा सगळं तेलाला नेऊ नका. मोहाचं बी साठवून टिकत नाही, पावसाच्या तोंडावर पडलं की ताजंच पेरावं लागतं. चारोळीची कच्ची फळं फांद्या तोडून काढायची पद्धत तर ग्रामसभेने ठराव करूनच थांबवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना दगड रचून ठेवा. पुढच्या वर्षी तेच चौकोन मोजायचे आहेत.