चोर्ल्यापलीकडची रात्र: निघण्याआधीची यादी

आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या ग्रुपवर शनिवारचा, चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचा बेत निघाला की पहिला मेसेज येतो, "कुठल्या क्लबला?" माझ्या यादीत पहिला प्रश्न दुसराच असतो: परत येताना गाडी कोण चालवणार? हे नाव गुरुवारीच ठरवा आणि त्या गड्याला रात्रभर फक्त लिंबू-सोडा. "एखादी बिअर चालते की" म्हणणाऱ्याला हिशेब दाखवा. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीच्या स्मॉलमध्ये जेमतेम १३ मिली. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत ५२ मिली. एक बाटली म्हणजे चार स्मॉल झाले की! एक स्मॉल उतरायला शरीराला साधारण तासभर लागतो, आणि कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबूपाणी यांपैकी कशानेही तो तास कमी होत नाही. रात्री एकला बाटली संपवली असेल तर उजाडेपर्यंत स्टिअरिंगला हात नको. कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तामागे ३० मिलीग्रामची आहे. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि पावसाळ्यात घाटात कणकुंबी गावाच्या पुढे धुकं उतरलं की शुद्धीत असलेल्याला सुद्धा वळण उशिरा दिसतं. कोणीच तयार नसेल तर सरळ मुक्काम करा, खोलीचं भाडं चौघांत वाटून घ्या.

मग बूट. हसू नका. दोन वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ नवीकोरी, तेल पाजलेली कोल्हापुरी घालून आला. दारावरच्या माणसाने चेहरा बघितलाच नाही, खाली बघितलं आणि मान हलवली. शेवटी न पिणाऱ्या गड्याने आपले बूट काढून दिले. ते दहा नंबरचे, याचा पाय सात नंबरचा. पुढे गाडीतला पेपर बोळे करून कोंबला आणि गडी नाचला. तिकडे बूटवाला कोल्हापुरीत पाय घालून पार्किंगमध्ये भेळ खात बसला. तेव्हा बंद बूट, फुल पँट, कॉलरचा शर्ट. एक जादा शर्ट डिकीत ठेवा, नाचून भिजल्यावर घाटातला गारवा बोचतो.

निघायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: सोबत बाई नसेल तर नुसत्या पोरांना आत सोडतात का, कव्हर चार्ज म्हणजे आत शिरायचे पैसे किती आणि त्यातला किती बिलात वळता होतो. ओळखपत्र मूळ घ्या, मोबाइलमधला फोटो काही जण मानत नाहीत. गोव्यात पिण्याचं वय १८ आहे, महाराष्ट्रासारखं कडक दारूला २५ नाही. पण कोवळ्या चेहऱ्याला विचारतातच. रोख पैसेही हवेत, कारण तळघरातल्या बारमध्ये रेंज गेली की यूपीआय गोल गोल फिरत बसतं. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगता येतो, सक्तीचा नाही. दारूवर जीएसटी नसतो, खाण्यावर असतो, म्हणून बिलात खाण्याचा आणि दारूचा कर वेगळा दिसला तर भांडू नका.

संध्याकाळी सातला घरीच भात-आमटी पोटभर जेवून निघा. क्लबातल्या चार कबाबांनी पोट भरत नाही, आणि रिकाम्या पोटी चढते लवकर. शनिवारचा उपवास असणाऱ्यांनी बेत शुक्रवारी ढकलावा. उपवास सोडून थेट स्मॉलवर बसलेला एक जण आम्ही चोर्ल्यापर्यंत सांभाळत आणलाय.

आत गेल्यावर पहिलं काम ऑर्डर नव्हे, दुसरं दार शोधणं. डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर गोव्यातल्या हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली, २५ जीव गेले, त्यात बहुतेक तिथेच राबणारी माणसं होती. तेव्हापासून मी आलो त्या दाराशिवाय आणखी एक दार बघितल्याशिवाय बसत नाही. ग्लास टेबलावर सोडून नाचायला जाऊ नका, परत आल्यावर नवा मागवा. अनोळखी बाईच्या शेजारी सरकत सरकत नाचणाऱ्याला ग्रुपातल्यानेच दंडाला धरून बाजूला आणावं, बाउन्सर येईपर्यंत थांबू नये.

स्वस्त मिळते म्हणून डिकीत बाटल्या भरू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणता येत नाही आणि कणकुंबीला अबकारीवाले डिकी उघडायला लावतात. पहाटेच्या वेळी तिथे उभं राहून काजूची पिशवी आणि बाटली यांतला फरक समजावणं फार अवघड जातं.

घाटात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. आणि घराच्या मागच्या दाराची किल्ली खिशात टाका. पुढच्या दाराची कडी वाजते, आई जागी होते.